कूस

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
कपड्यांच्या दोऱ्या मी एका बाजूला सरकवल्या
आणि उरलेल्या साडेचार फुटांत
सुतारकाम मांडलं.
शेगडा ग्रिलला आवळलेला,
करवत गिझरच्या पाइपाला टांगलेली,
रंधा जुन्या मोज्यात गुंडाळून
गव्हाच्या पिंपामागे.

सोसायटीचा नियम : दुपारी दोन ते चार आवाज नको.
रविवारी तर मुळीच नको.
माझ्याकडे असतो तो रविवारच.
म्हणून यंत्रं घेतलीच नाहीत.
पटाशी हातानं दाबली की लाकूड
फक्त घसा साफ केल्यासारखं करतं.

खालच्या करंबेळकर वहिनी जिन्यात गाठतात,
"तुमचा मिस्त्री बरा दिसतो हो,
आवाजच करत नाही. नंबर द्याल?"
मी देते. माझाच.

सोमवारी पहाटे बॅग.
मी ट्रकचे वजनकाटे तपासते :
नागदा, कोरबा, बल्लारपूर,
जिथे काहीतरी भरून जातं
आणि कुणाला तरी वाटतं, कमी भरलं.
वीस-वीस किलोची वजनं मांडायची,
काटा शून्यावर आणायचा,
शिशाचं सील, सही.
साठ टनांत वीस किलो इकडेतिकडे
माफ असतं.
घरी मात्र पेन्सिलीच्या रेघेची जाडीसुद्धा
मला माफ नसते;
रेघेच्या कुठल्या अंगाला कापायचं
यावर मी बल्लारपूरच्या लॉजमध्ये
रात्र काढू शकते.

लॉजमधल्या टेबलाखाली वाकून पाहते. सवय.
खिळे. खिळ्यांशेजारी खिळे.
वर सनमायका, आत भुसा नि गोंद.
एकदाच, कोरब्याच्या रेस्ट हाउसात,
जुन्या पलंगाला एकही खिळा नव्हता.
चारी पायांत कूस खोचलेली,
बाहेरून आडवी मेख.
कुणी केला, विचारलं.
राखणदार म्हणाला, "पहले से है."
त्या रात्री मी कितीदा कूस बदलली,
तो एकदाही कुरकुरला नाही.

विमानतळावर बॅगेतला गुण्या बाहेर काढला,
सहा इंची, पितळी कडेचा.
"हे काय?"
काटकोन, म्हणाले मी.
त्या पोरानं तो उजेडात धरला,
शेजारच्या खिडकीच्या चौकटीला लावून पाहिला,
भुवई उडवली, परत दिला.
चौकट काटकोनात नव्हती.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मे महिन्यात एक खण केला,
सासऱ्यांच्या औषधांसाठी, शिवणीचा.
फळी खारेगावात पाडलेल्या घराच्या माळ्याची.
असा बसला की ढकलताना
आतली हवा उसासा टाकायची.
अण्णा उगीचच उघडायचे, मिटायचे.

जुलैत मी अठरा दिवस बाहेर.
आले तर खण फुगून घट्ट,
गोळ्या आत,
आणि अण्णा दुकानातून नवी पाकिटं आणून
सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतायत.
मी रंधा काढला.
"तासू नकोस," म्हणाले,
"खाडीची हवा प्यायलंय ते. आता तासशील,
आणि थंडीत खुळखुळेल."
आयुष्यभर पोस्टात होते अण्णा,
लाकडाशी त्यांचा संबंध टेबलापुरता.
मी रंधा परत मोज्यात घातला.

नोव्हेंबरात नागद्याला,
काट्यावर पंचेचाळीस टनांचा ट्रक उभा,
आकडा अजून थरथरत होता,
तेव्हा फोन आला.
अण्णा काही बोललेच नाहीत.
आधी थोडी खरखर,
मग तो उसासा.
मग परत एकदा.
ड्रायव्हर हॉर्न देत होता.
मी हात वर केला : थांब जरा,
स्थिर होऊ दे.